मेणधातूची चौकट

माझी आई आणि माझ्या सासूबाई एकाच घरात राहतात हे कळलं, की लोक आधी माझ्याकडे बघतात आणि मग जयवंतकडे. जयवंतकडे जरा जास्त वेळ. खरं तर माझ्या नवऱ्याला काही त्रास नाही. दोघी विहिणी एकमेकींशी इतक्या अदबीने वागतात, की त्याला रोज कुठल्यातरी लग्नघरात जेवल्यासारखं वाटतं.

सासूबाईंना आम्ही माई म्हणतो. टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून लागल्या आणि निवृत्त होईपर्यंत पुण्याला अवघ्या महाराष्ट्राशी जोडत राहिल्या. बावधनचा हा फ्लॅट त्यांनीच घेतलेला. दारावरच्या पितळी पाटीवर अजून ‘प्रमिला शेवाळे’ एवढंच आहे. जयवंतने आपलंही नाव घालायचं का म्हणून एकदा विचारलं, तेव्हा माई म्हणाल्या होत्या की पाटीवर जागा नाही. माझी आई, शालन, गडहिंग्लजची. बाबा गेल्यावर ती ‘थोडे दिवस’ म्हणून आमच्याकडे आली. ते थोडे दिवस संपेनात, याची काळजी घरात फक्त तिलाच होती.

माझा उद्योग असा, की मी फोनच्या चौकटी निवडते. फोन विकत घेताना माणसं पडदा बघतात, कॅमेरा बघतात. पण दिवसभर हात ज्याला धरून असतो ती कडेची चौकट. ती कशाची असावी हे कुणीतरी ठरवावं लागतं. ॲल्युमिनियम हलकं, पण सकाळी उचललं की गार लागतं आणि पडलं की पोचा येतो. पोलाद देखणं, पण जड. टायटॅनियम चिवट, पण घडवताना कारखान्याचा जीव काढतं. शिकले मी बी.कॉम.; धातू शिकले ते हाताळून, फोडून, मिळेल ते वाचून आणि आमच्या प्रयोगशाळेतल्या तस्नीम मुलाणीचं डोकं खाऊन. तस्नीम या विषयातली डॉक्टर आहे. तिचं डोकं मोठं आहे, त्यामुळे पुरतं.

त्या वर्षी तस्नीमने जो पदार्थ आणला, त्याला कंपनीने एक लांबलचक क्रमांक दिला होता. मी त्याला मेणधातू म्हणायला लागले आणि तेच चिकटलं.

साध्या धातूत अणू कवायतीला उभ्या केलेल्या पोरांसारखे रांगेत असतात. पण वितळलेला धातू फार झपाट्याने गार केला, तर त्यांना रांग लावायला सवडच मिळत नाही. एसटी स्टँडवरच्या गर्दीला कुणी ‘स्टॅच्यू’ म्हणावं, तसा जो जिथे आहे तिथेच थिजतो. काचेच्या आत असाच गोंधळ असतो, म्हणून अशा धातूला धातूची काच म्हणतात. नावावर जाऊ नये, ती पोलादाला भारी पडते. मात्र काचेचा एक गुण तिच्यात असतो. साधा धातू तापवला तर तापता तापता एकदम वितळतो. ही आधी मऊ होते, बांगडीवाल्याच्या हातातल्या लाखेसारखी. मिश्रण बदलत बदलत तस्नीमच्या गटाने हे मऊ होण्याचं तापमान खाली आणलं, इतकं खाली की तळहाताची ऊब पुरावी.

नागपूरच्या उन्हाळ्यात मग फोनचा पापड होईल का, असं मी विचारलं होतं. नाही होणार, तस्नीम म्हणाली. नुसत्या उबेने काही होत नाही आणि नुसत्या दाबानेही नाही. दोन्ही एकत्र लागतात, आणि तेही रोज, पुन्हा पुन्हा. तसं झालं की बाहेरचा मेणधातूचा पातळ थर केसाच्या अंशाने सरकत राहतो आणि काही आठवड्यांत चौकट धरणाऱ्याच्या हाताची होऊन जाते. आत टायटॅनियमचा सांगाडा असतोच, तो हलत नाही.

शेवटची पायरी ‘पक्कं करणं’. हात नीट उमटला, की फोन चार्जिंगला असताना चौकटीला क्षणभर कडक चटका द्यायचा. त्या चटक्यात गर्दीतले अणू मुकाट रांगेत उभे राहतात आणि आकार कायमचा बसतो. मग तो फोन दुसऱ्याच्या हातात गेला तर दुसऱ्याची चप्पल घातल्यासारखा बोचतो.

आमचे साहेब, कौस्तुभ, या बोचण्यावर फिदा होते. चोराला बोचेल, म्हणून चोरी कमी. जुना फोन धाकट्या भावाला देता येणार नाही, म्हणून धाकट्याला नवा. आपल्याकडे ‘जरा फोन दे गं’ म्हणून एका फोनवर सगळं घर चालतं, ते बंद होईल. घरात जितके हात तितके फोन. बैठकीत त्यांनी हे सांगितलं तेव्हा सगळे हसले. मीही हसले. चौकट म्हणून मला ती मनापासून आवडली होती. इतकी वर्षं मी धातू माणसाच्या माथी मारत आले, हा पहिलाच धातू माणसाचं ऐकणारा होता.

चाचणीचे फोन आम्हा कर्मचाऱ्यांच्या घरीच दिले. अट एकच होती, एक फोन, एक हात. मी आमचा फोन माईंच्या हातात दिला, कारण मान वरमाईचा. माई म्हणाल्या, छे, आधी विहीणबाईंना दे, त्या पाहुण्या. आई म्हणाली, तुमच्याआधी मी कशी घेऊ. मला ऑफिसला उशीर होत होता, म्हणून कुणीतरी एक घेईल असं समजून मी निघाले. दुसऱ्या कुठल्या देशात तो फोन दुपारपर्यंत कुणाच्यातरी खिशात गेला असता. आमच्याकडे तो आठवडाभर जेवणाच्या टेबलावर अडकित्त्याशेजारी मान खात पडून होता.

मग त्याच्यावर शब्दकोडं सापडलं आणि दुपारी तो दोघींच्या मध्ये दिसायला लागला. माईंनी आयुष्यभर वायरी खोचल्या, त्यामुळे उभे-आडवे लगेच कळतात. आईचं वाचन दांडगं. मी समजले की फोन आईने घेतला आणि माई नुसत्या सल्ले देतात. सल्ले देणं हा त्यांचा स्वभावच.

पण हळूहळू आई बदलायला लागली. चहा कपात नको, पेल्यात दे म्हणू लागली. दारातली रांगोळी बंद झाली. ती स्वयंपाकघरात आली, की माई मागून येणारच. तुम्ही ओतू नका, मी ओतते. तुम्ही चिरू नका, बसा निवांत. गुरुवारी तेवढं दोघी दत्ताच्या देवळात जायच्या, आणि तिथूनही आई गप्प गप्पच परत यायची. मी मनाशी हिशेब मांडला. दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात विळीला हात लावायची चोरी झाली की गडहिंग्लजची बाई आणखी काय करणार. मी जयवंतशी बोलले. तो म्हणाला, दोन महासत्तांच्या मध्ये छोट्या देशाने तटस्थ राहावं.

आणि एका सकाळी आईने सांगून टाकलं की तिने दिगूला फोन केलाय. दिगंबर, माझा भाऊ, इचलकरंजीला असतो. रविवारी गाडी घेऊन येतो म्हणाला. लेकीच्या घरी आणखी किती राहायचं, लोक काय म्हणतील, मुलगा असताना. दिगूच्या तिसऱ्या मजल्याला लिफ्ट नाही आणि दिगू-सुरेखा दोघं दिवसभर कामावर असतात, हे मी म्हणून बघितलं. आई बशा पुसत होती. खरं तर माई पुसत होत्या आणि आई बघत होती.

माझा तोल गेला. माईंना म्हटलं, “आईला या घरात काही करूच द्यायचं नाही, असं ठरलंय का?”

माईंनी माझ्याकडे बघितलं, मग आईकडे.

“हो,” त्या म्हणाल्या. “ठरलंय.”

आणि पुढची बशी उचलली. मी दोन दिवस त्यांच्याशी कामापुरतं बोलले.

शुक्रवारी चाचणीचे फोन परत न्यायचे होते. तस्नीम एकेक फोन एका छोट्या कपाटात ठेवायची, आतून प्रकाशाची रेघ फिरायची आणि चौकटीचे उंचसखल भाग मोठ्या पडद्यावर रंगांत दिसायचे. जिथे खोल तिथे निळं. ते बघायला गंमत यायची. हिशेब विभागातल्या गोगट्यांचा अंगठा कसा रागीट आहे, कँटीनच्या लीलाबाई फोन कसा धुतलेल्या पातेल्यासारखा चिमटीत धरतात, सगळं दिसायचं. ठीक वाटला की तस्नीम ‘पक्कं करा’ दाबायची.

आमचा फोन लावल्यावर मात्र तिचा हात थांबला. हा नमुना बाद करावा लागेल, ती म्हणाली. यात दोन हात आहेत.

मी म्हटलं, असतील. एक माझ्या आईचा, आणि अधूनमधून माईंनी ओढून घेतला असेल.

“ओढून नाही, हेमाताई,” तस्नीम म्हणाली. “दोन्ही एकाच वेळी आहेत.”

तिने चित्र फिरवून मोठं केलं. एका काठावर चार बोटांच्या खुणा होत्या, पुसट, तळाशी गुळगुळीत, घासून घासून झालेल्या वाटीसारख्या. आणि त्यांच्या मधल्या फटींत दुसरी बोटं होती. ही घट्ट, खोल, न हललेली. वेगवेगळ्या वेळी दोन जणींनी धरला असता तर एकीचे ठसे दुसरीने मोडले असते. इथे एकीने दुसरीच्या बोटांना वाट करून दिली होती. सगळ्यांत खाली, दुसऱ्या हाताची करंगळी आकड्यासारखी आत वळलेली होती.

माईंची करंगळी लहानपणी दारात चेंगरलेली आहे. ती तशीच वळते.

फोन आईच्या हातात होता आणि आईचा हात माईंच्या हातात.

त्या गुळगुळीत वाट्या कशाच्या, हे मी विचारायच्या आधीच तस्नीम जरा सावकाश बोलायला लागली. मेणधातू एका मोठ्या दाबापेक्षा बारीक बारीक, सतत हलणाऱ्या दाबाखाली लवकर सरकतो. बोट थरथरत असेल, तर ठशाच्या कडा उरत नाहीत. तिच्या आजोबांनी सुरुवातीच्या नमुन्यातला एक फोन वापरला होता. त्यांच्याही चौकटीवर असंच दिसलं होतं, घरात कुणाच्या लक्षात यायच्या आधी.

“आईंना कुणाला दाखवलंय का?” तिने विचारलं.

पेल्यातला चहा, रांगोळी, विळी, बशा, सगळं माझ्यासमोरून पुन्हा एकदा गेलं, या वेळी सुलट बाजूने. तस्नीमने पडद्याकडे बोट दाखवलं. पक्कं करायचं की बाद, यंत्र विचारत होतं. मी म्हटलं, आत्ता काहीच नको, मला हा घरी न्यायचाय. आमच्याकडे नियम फार कडक आहेत. तस्नीम खिडकीबाहेर बघत बसली आणि मी फोन पर्समध्ये टाकला.

घरी गेले तर आईची बॅग पलंगावर उघडी होती. माई साड्यांच्या घड्या करून देत होत्या आणि प्रत्येक साडीला काहीतरी बोलत होत्या. ही इचलकरंजीत नेसायची नाही, तिथल्या लोकांना कापडातलं कळतं. ही ठेवून जा, परत येताना ओझं नको. आई हसत होती आणि डोळे पुसत होती, एकाच पदराने.

मी फोन काढून उजव्या हातात धरला आणि बोटं त्या गुळगुळीत वाट्यांत ठेवली. माझी बोटं आईसारखीच आहेत, बरोब्बर बसली. मधल्या फटी रिकाम्या राहिल्या. हात तसाच माईंच्या पुढे केला.

माईंनी बघितलं. साडी खाली ठेवली आणि सवयीने आपला डावा हात माझ्या हाताखाली घातला. करंगळी वळून तिच्या जागी जाऊन बसली. मग आपण काय केलं हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्या आईकडे वळल्या.

“विहीणबाई, मी काही सांगितलेलं नाही हं.”

“फोनने सांगितलं,” मी म्हटलं.

“आमच्या वेळी फोन असे चोंबडे नव्हते,” माई म्हणाल्या. “आम्ही होतो.”

मग सगळं हळूहळू बाहेर आलं. उजव्या हाताचा कंप दिवाळीपासूनचा. पहिल्यांदा माईंनीच बघितलं, बशीत चहा सांडला तेव्हा. आईने त्यांना शपथ घातली, हेमाला कळू द्यायचं नाही. दत्ताचं देऊळ खरं होतं, पण ते डॉक्टरांच्या दवाखान्याला लागून होतं. दवाखान्यात दर गुरुवारी नाही, अधूनमधून, पण घरातून निघायच्या देवदर्शनालाच निघाल्यासारख्या. गोळ्या चालू होत्या. डॉक्टर म्हणाले होते, हा आजार सावकाश चालणारा आहे, घाबरू नका, हाताला काम देत राहा. म्हणून शब्दकोडं.

मी माईंना विचारलं, मग फोन तुम्ही का नाही धरलात, आई नुसतं सांगत बसली असती.

“मी धरला असता, तर त्यांच्या हातात काय राहिलं असतं?” माई म्हणाल्या.

आईने पलंगावरची साडी उगाच उलगडली आणि पुन्हा घडी घालायला घेतली. घडी काही सरळ बसेना. माईंनी दुसरं टोक धरलं.

“तुला आधीच एक म्हातारी आहे,” आई मला म्हणाली, माईंसमोरच. “दोन दोन कशाला. आज हात हलतोय, उद्या सगळंच दुसऱ्याने करायची वेळ येईल. लेकीच्या घरात आजारी पडू नये माणसाने. माझ्या आईने सांगितलेलं, तिला तिच्या आईने.”

माझ्याकडे उत्तरं होती, लिफ्ट, दवाखाना, सुरेखाची नोकरी. ती सगळी तिने आधीच ऐकून बशीसारखी पुसून ठेवली होती. रीत बरोबर की चूक, यावर आईशी वाद घालता येत नाही. ती रीत चूक आहे म्हणते आणि पाळते.

माईंनी साडीची घडी पूर्ण केली. ती बॅगेत न ठेवता आपल्या मांडीवर घेतली.

“लेकीच्या घरात राहू नये, हे बरोबरच आहे,” त्या म्हणाल्या. “पण हे लेकीचं घर आहे असं तुम्हाला कुणी सांगितलं? घर माझं आहे. हेमा इथे सून म्हणून राहते. तुम्ही माझ्याकडे राहताय, शालन.”

इतक्या वर्षांत विहीणबाई सोडून त्यांनी आईला दुसरी हाक मारली नव्हती.

आई म्हणाली, लोकांना हे कोण सांगत बसणार.

“लोकांना पाटी वाचता येते.”

रविवारी दिगू आला. मटण-भाकरी जेवला, आईशी दार लावून बोलला, बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. महिन्यातून एकदा मी येणार आणि गुरुवारी देवळात नेणार, असं त्याने जाहीर केलं. माई म्हणाल्या, या, पण देवळात जागा कमी असते. तो लोणच्याची बरणी घेऊन परत गेला. जयवंतने गाडीपर्यंत पोचवून आल्यावर मला विचारलं, नक्की झालं काय. मी म्हटलं, छोट्या देशाने तटस्थ राहावं.

सोमवारच्या बैठकीत मला चौकटीबद्दल शिफारस करायची होती. मेणधातू घ्या, असं मी सांगितलं. मग सांगितलं, पक्कं करणं काढून टाका.

कौस्तुभ हबकले. पक्कं करण्यातच सगळा धंदा होता. मी फोन टेबलावर ठेवला आणि तस्नीमने चित्र पडद्यावर लावलं. यात कोण आहे हे मी सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, की एक हात दिवसेंदिवस बदलणारा आहे आणि दुसरा त्याला सांभाळून बदलतोय. हे आज पक्कं केलं, तर वर्षभराने दोघांनाही बोचेल. माणसाचा हात काही एकदाच ठरून जात नाही. बाळंतिणीचा बदलतो, संधिवाताने बदलतो, नुसत्या वयानेही बदलतो. सगळ्यांत चांगला गुण म्हणून आपण जे विकतोय, ते चाचणी संपताच मारून टाकतोय.

कौस्तुभ म्हणाले, पण मग फोन कुणाच्याही हाताचा होईल.

“होऊ दे ना,” मी म्हटलं. “वेळ लावून होईल.”

ते काही त्याच दिवशी पटलं नाही. कौस्तुभ वाईट माणूस नाहीत, फक्त त्यांच्या घरी प्रत्येकाची वेगळी खोली आहे. बरीच भवति न भवति होऊन तडजोड निघाली. चटका फोनमध्ये ठेवायचा, पण आपोआप द्यायचा नाही. आकार बसला की फोन विचारणार, ‘पक्कं करायचं?’ खाली दोन बटणं, ‘हो’ आणि ‘नंतर’. पुढे जेव्हा आकडे आले, तेव्हा देशभरातल्या बहुतेकांनी ‘नंतर’ दाबलेलं निघालं. कौस्तुभनी याला आपला दूरदृष्टीचा निर्णय म्हटलं. मी हसले नाही. माईंच्या हाताखाली राहून मीही थोडं शिकले आहे.

आमच्या घरी तो प्रश्न पडद्यावर आला, तेव्हा दोघी दुपारी शब्दकोड्यावर बसल्या होत्या. आई म्हणाली, तुमचा हात पक्का करून घ्या प्रमिलाताई, तुमचा स्थिर आहे. माई म्हणाल्या, छे, फोन तुमचा, हात तुमचाच. तुम्ही पाहुण्या. आता कसली पाहुणी, आई म्हणाली. मग चहाची वेळ झाली. तो प्रश्न अजून तसाच आहे, अधूनमधून वर येतो आणि मान मिळून खाली जातो.

तस्नीमने तो नमुना बाद केला नाही. दर काही महिन्यांनी मी फोन प्रयोगशाळेत नेते आणि ती प्रकाशाची रेघ फिरवते. गेल्या वेळी बघितलं, तर आईच्या बोटांच्या वाट्या थोड्या रुंद झाल्या आहेत. मी काही बोलायच्या आत तस्नीमने चित्र खाली सरकवलं आणि मोठं केलं.

वाकडी करंगळी आणखी आत वळली होती.